रेल्वेचा घसारा कोणी भरायचा?

रेल्वेवर आज जेवढा पैसा खर्च होत आहे तेवढा यापूर्वी कधीही झालेला नव्हता, हे सरकारचे म्हणणे नाकारण्याचे कारण नाही. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांच्या अंदाजपत्रकांत रेल्वेच्या भांडवली कामांसाठी सर्वसाधारण तिजोरीतून प्रत्येकी सुमारे २ लाख ५२ हजार कोटी रुपये ठेवण्यात आले. २०१३-१४ साली हाच आकडा ३० हजार कोटींच्या आतबाहेर होता. मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. मालवाहतुकीसाठी स्वतंत्र मार्ग उभे राहिले आहेत. काश्मीर खोऱ्याला देशाच्या लोहमार्गाशी जोडणारा चिनाब नदीवरील पूल २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी ही कामे तडीस नेली त्यांचे कौतुक करण्यात कोणीही हात आखडता घेऊ नये.

तथापि याच काळात रेल्वेच्या हिशेबातील एक खाते हळूहळू आटत गेले आणि त्याची वार्ता पहिल्या पानावर कधी आली नाही. घसारा राखीव निधी हे त्या खात्याचे नाव. २०१४-१५ साली रेल्वेने आपल्या मिळकतीतून या खात्यात साडेसात हजार कोटींहून अधिक रक्कम टाकली होती. २०१७-१८ मध्ये ती दीड हजार कोटींवर आली, २०१८-१९ मध्ये तीनशे कोटींवर आणि २०२०-२१ मध्ये दोनशे कोटींवर. शेवटचे वर्ष साथीचे होते, हे मान्य; परंतु ही ओहोटी साथ येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. देशभरचे रूळ, पूल, सिग्नल, इंजिने आणि डबे यांची वर्षभरात जी झीज होते तिच्यापोटी दोनशे कोटी रुपये! ज्या मालमत्तेचे आयुष्य संपले आहे पण जी बदलायची राहून गेली आहे तिच्या बदलीचा खर्च महालेखापरीक्षकांनी याच सुमारास जवळजवळ ९५ हजार कोटी रुपये असा नमूद केला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या रुळांचा.

पगारदार वाचकाला हा प्रकार समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. एखाद्या गृहस्थाने महिनाअखेरीस हाती चार पैसे उरलेले दिसावेत म्हणून भविष्यनिर्वाह निधीत पैसे भरणेच थांबवावे आणि मग घरातल्यांना शिल्लक दाखवून त्यांच्याकडून शाबासकी घ्यावी, तशातला हा व्यवहार आहे. रेल्वेच्या कारभाराचा कस एका गुणोत्तरावरून जोखला जातो. शंभर रुपये मिळवण्यासाठी रेल्वेला किती रुपये खर्च करावे लागतात, हे ते गुणोत्तर. घसाऱ्यापोटी बाजूला काढलेली रक्कम या खर्चातच धरली जाते. म्हणजे ती रक्कम जितकी कमी ठेवावी तितके गुणोत्तर देखणे दिसते. २०२३-२४ मध्ये ते ९८ च्या वर होते. झिजेची पुरेशी तरतूद केली असती तर ते शंभरीच्या पलीकडे गेले असते, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. महालेखापरीक्षकांनी काही वर्षांच्या हिशेबांविषयी नेमका हाच आक्षेप नोंदवलेला आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

या निधीचा जन्म कशातून झाला ते आठवणे उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील रेल्वेकडून बेसुमार काम करून घेतले गेले आणि तिच्या दुरुस्तीकडे डोळेझाक झाली. युद्धानंतर सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२१ साली जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. वाढत्या वजनाच्या गाड्या पेलण्यास अपात्र ठरलेले अनेक पूल, बदलण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेले मैलोगणती रूळ, शेकडो इंजिने, हजारो वाघिणी असे चित्र तिने उभे केले. याचे मूळ तिला रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या आळसात सापडले नाही. ते सापडले पैशाच्या व्यवस्थेत. रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळलेला असल्यामुळे, ज्या वर्षी तिजोरीला चणचण भासेल त्या वर्षी रुळांची बदली पुढे ढकलली जाई. १९२४ साली रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या जमाखर्चापासून वेगळा करण्यात आला आणि दरवर्षी झिजेपोटी ठरावीक रक्कम बाजूला काढणारा घसारा निधी निर्माण झाला, तो या अनुभवातून. जे वाहतुकीतून मिळवले त्यातूनच वाहतुकीने झिजवलेले भरून काढायचे, असे त्यामागचे सरळ तत्त्व होते.

२०१७-१८ पासून रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक बंद झाले. ते बंद केल्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. अनेक वर्षे त्या दिवसाला जत्रेचे स्वरूप आले होते. मंत्र्याच्या मतदारसंघाला किती गाड्या मिळाल्या याचीच चर्चा अधिक होई. पण स्वतंत्र अंदाजपत्रकाबरोबर त्यामागचे तत्त्वही गुंडाळून ठेवले जावे, ही गोष्ट मात्र गंभीर आहे.

आता रूळ झिजतो म्हणजे काय होते, ते पाहू. रुळाचे वय वर्षांत मोजत नाहीत, त्याच्यावरून गेलेल्या वजनात मोजतात. दर मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ सुमारे साडेबावन्न कोटी टनांची ये-जा सोसू शकतो. ६० किलोचा रूळ सुमारे ऐंशी कोटी टनांची. वाहतूक दुप्पट झाली की रूळ निम्म्या काळात म्हातारा होतो. या शतकाच्या आरंभी रेल्वे वर्षाला सुमारे ४७ कोटी टन माल वाहत होती. २०२४-२५ मध्ये हा आकडा १६० कोटी टनांच्या पुढे गेला. तेवढ्या काळात मार्गांची लांबी मात्र ६३ हजार किलोमीटरवरून ६९ हजार किलोमीटरच्या आसपासच पोचली. त्यातही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांना जोडणारे मार्ग आणि त्यांचे कर्ण लांबीने एकूण जाळ्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके असूनही देशाची निम्म्याहून अधिक वाहतूक उचलतात. आपल्या मुंबईहून निघणाऱ्या वाटा त्यांच्यातच मोडतात.

२००४ नंतरच्या काही वर्षांत, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, वाघिणींमध्ये पूर्वीपेक्षा सहा ते आठ टन जादा माल भरण्यास परवानगी देण्यात आली. त्याच इंजिनात, त्याच वाघिणीत, त्याच रुळावर जादा उत्पन्न मिळाले. रेल्वे नफ्यात आल्याचा गवगवा झाला आणि व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी त्या चमत्काराचे धडे घेऊ लागले. त्या नफ्याचा काही भाग रूळ आणि पूल यांच्या आयुष्यातून उचललेला होता, ही गोष्ट त्या धड्यांत किती ठळकपणे आली असेल, याची प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

निधीमागून निधी

यावर रेल्वे मंत्रालयाचे उत्तर तयार असते आणि ते अगदीच पोकळ नाही. रुळांची बदली आता घसारा निधीतून न होता २०१७-१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रेल संरक्षा कोषातून होते, असे ते उत्तर आहे. पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्च करण्याचा तो संकल्प होता आणि पुढे त्याची मुदतही वाढवण्यात आली. दरवर्षीच्या २० हजार कोटींपैकी १५ हजार कोटी सरकारने द्यायचे आणि ५ हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या मिळकतीतून घालायचे, असे ठरले होते. सरकारने आपला शब्द बव्हंशी पाळला. रेल्वेने मात्र पहिल्या चार वर्षांत २० हजार कोटींऐवजी जेमतेम सव्वाचार हजार कोटी घातले. महालेखापरीक्षकांचा गाड्या घसरण्याच्या प्रकारांवरील अहवाल २०२२ च्या डिसेंबरात संसदेसमोर आला, त्यातील ही माहिती आहे. सर्वांत अग्रक्रमाच्या कामांवरील खर्चाचा वाटा २०१७-१८ मध्ये ८१ टक्क्यांहून अधिक होता, तो दोन वर्षांत ७४ टक्क्यांच्या आत आला आणि बिनमहत्त्वाच्या बाबींवरील खर्च वाढला, असेही त्या अहवालात म्हटले आहे. संरक्षेच्या नावाने ठेवलेल्या या पैशातून पाय चेपण्याची यंत्रे आणि चहाफराळाची भांडी खरेदी झाल्याचे हिशेबतपासनिसांना आढळले. वृत्तपत्रांनी साहजिकच पाय चेपण्याची यंत्रे उचलून धरली. पण त्याच अहवालातील दुसरी एक नोंद त्याहून चिंताजनक होती. रुळांची भौमितिक स्थिती टिपणाऱ्या तपासणी गाड्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांमध्ये ३० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत तूट आढळली होती. म्हणजे काही मार्गांवर तपासणीची ती गाडी फिरकलीच नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रेल्वेचे अपघात कमी झालेले आहेत. ज्यांना रेल्वे मोठे अपघात म्हणते त्यांची संख्या २०००-०१ मध्ये ४७३ होती. २०१४-१५ मध्ये १३५ आणि २०२४-२५ मध्ये ३१. ब्रॉडगेज मार्गांवरील माणूस नसलेली फाटके २०१९ च्या आरंभी संपुष्टात आली आणि अलीकडच्या वर्षांत रूळबदलीचा वेगही वाढला आहे. जो माणूस परिस्थिती दिवसेंदिवस बिघडतच चालली आहे असे म्हणतो तो आकडे पाहत नाही.

परंतु आकडे पाहायचे तर सगळेच पाहावेत. ही घट कशी आली? न्या. हंसराज खन्ना यांच्या समितीने रेल्वेच्या संरक्षेचा आढावा घेऊन जीर्ण मालमत्तेच्या थकलेल्या बदलीकडे लक्ष वेधले. त्यानंतर २००१ साली १७ हजार कोटी रुपयांचा खास संरक्षा निधी उभारण्यात आला. त्यातील १२ हजार कोटी सरकारने दिले आणि उरलेले ५ हजार कोटी प्रवाशांच्या तिकिटावरील अधिभारातून आले. हजारो किलोमीटर जुने रूळ बदलले गेले, कमकुवत पूल नव्याने बांधले गेले. २००६-०७ पर्यंत अपघातांची संख्या १९५ वर, म्हणजे निम्म्याहून खाली आली. पैसा योग्य जागी पडला की माणसे वाचतात, याला यापेक्षा निराळा पुरावा कशाला हवा? पण तो निधी संपला, अधिभार संपला आणि दरवर्षीची तरतूद पुन्हा तोकडी पडू लागली. २०११ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमावी लागली. तिने २०१२ च्या फेब्रुवारीत पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्च करण्याची शिफारस केली. तसा कोष उभा राहायला २०१७ साल उजाडले.

महाराष्ट्राला 'अनुशेष' हा शब्द १९८४ च्या दांडेकर समितीपासून चांगला परिचयाचा आहे. एकदा अनुशेष साठला की तो मोजण्यासाठी समिती, भरण्यासाठी खास निधी आणि निधी कुठे गेला हे पाहण्यासाठी पुन्हा समिती, असे ते चक्र असते. रेल्वेच्या बाबतीत हे चक्र एका शतकात अनेकदा फिरले आहे. कुंझरू, वांच्छू, सिक्री, खन्ना, काकोडकर अशी समित्यांची नावे रेल्वेच्या जुन्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ असतात. दरवर्षीची झीज दरवर्षी भरली असती तर यांतल्या निम्म्या समित्यांना कामच उरले नसते.

रुळावरचे तास

पैशाइतकीच, किंबहुना पैशाहूनही टंचाईची गोष्ट म्हणजे वेळ. रूळ बदलायचा तर त्यावरून गाडी जाता कामा नये. रेल्वेच्या भाषेत यालाच 'ब्लॉक' म्हणतात. मुंबईकर चाकरमान्याला रविवारचा मेगाब्लॉक हा शब्द शिवीसारखा वाटतो. लग्नाचा मुहूर्त गाठायचा असतो, नातलगांकडे जायचे असते आणि नेमकी त्याच दिवशी माटुंगा-मुलुंड जलद मार्गावरची वाहतूक वळवलेली असते. या त्राग्यात सहभागी होण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण वस्तुतः मेगाब्लॉक रद्द झाल्याची बातमी वाचून आपल्याला आनंद होतो, तोच चिंता वाटण्याचा क्षण असतो. त्या रविवारी जी खडी चाळायची होती, जे सांधे जोडायचे होते, जी ओव्हरहेड तार ताणायची होती, ती कामे तशीच राहिलेली असतात आणि सोमवारी सकाळी त्याच रुळावरून आपली नेहमीची लोकल धडधडत जाते. आठवड्याच्या इतर दिवशी शेवटची लोकल कारशेडमध्ये गेल्यापासून पहिली लोकल निघेपर्यंत हाती येतात अवघे अडीच-तीन तास. त्यातून सामान नेण्याआणण्याचा वेळ वजा केला की खऱ्या कामाला किती उरतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हा वेळ मिळाला नाही म्हणजे काय होते, ते १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ दिसले. तेथे रुळाचे काम चालू होते. त्या कामासाठी रीतसर ब्लॉक मिळालेला नव्हता आणि चालकाला वेग कमी करण्याची सूचनाही नव्हती. उत्कल एक्सप्रेस भरधाव आली, घसरली आणि वीसहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. नंतर काही कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. ज्या वेळापत्रकात दुरुस्तीला जागाच ठेवलेली नव्हती ते वेळापत्रक मात्र निर्दोष सुटले. रुळावर काम करणारी माणसेही या घाईचे बळी होतात. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मरण पावले.

बुलेट ट्रेनच्या निमित्ताने जपानचे नाव आपल्याकडे सतत घेतले जाते. १९६४ साली सुरू झालेल्या शिंकान्सेनचा वेग, तिची सेकंदासेकंदाची वक्तशीरता, गाडी घसरून वा आदळून तिच्यातील एकही प्रवासी दगावलेला नाही हा तिचा लौकिक, हे सर्व खरे आहे. त्यामागची एक साधी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिंकान्सेनच्या मार्गावर मध्यरात्री बारापासून सकाळी सहापर्यंत प्रवासी गाडी धावत नाही. ते सहा तास रूळ तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचे असतात. त्यात अपवाद करण्याची मागणी घेऊन तेथे कोणी लोकप्रतिनिधी मंत्र्याच्या दाराशी जात नाही. आपण जपानकडून कर्ज घेतले, तंत्र घेतले. हे सहा तास मात्र घेतले नाहीत. मुंबई-अहमदाबाद मार्गावर ते पाळावेच लागतील. प्रश्न उरलेल्या ६९ हजार किलोमीटरांचा आहे.

बुलेट ट्रेनविषयी आपल्याकडे जो वाद होतो तो बहुधा चुकीच्या जागी होतो. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत या प्रकल्पाची कोनशिला बसवण्यात आली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. एक लाख आठ हजार कोटींची गाडी परवडते आणि एक धड पूल परवडत नाही, असा संताप त्या दिवशी प्रत्येकाच्या ओठांवर होता. संताप समजण्यासारखा होता, पण युक्तिवाद तितकासा पक्का नव्हता. प्रकल्पाचा ८१ टक्के खर्च भागवण्यासाठी जपानने नाममात्र व्याजाने दिलेले पन्नास वर्षांचे कर्ज एल्फिन्स्टनच्या पुलासाठी मिळाले नसते. आणि त्या पुलाला पैसा कमी पडला असेही नव्हे; नवा पूल मंजूर झालेला होता, तो कागदांवरच रेंगाळला. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत तेथे पूल उभा करून दाखवला. कमतरता होती ती लक्ष देणाऱ्याची. मोठ्या प्रकल्पासाठी स्वतंत्र महामंडळ असते, निवडक अभियंते असतात आणि पंतप्रधानांच्या कचेरीतून त्याच्या प्रगतीची विचारपूस होत असते. पादचारी पुलाची फाईल मात्र मंडळ कार्यालयातील टेबलांमागून टेबले ओलांडत चाललेली असते आणि तिची विचारपूस करायला कोणीही येत नाही.

याचा अर्थ नवे मार्ग नकोत असा नव्हे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि बीडच्या लोकांना आपल्या गावात रेल्वे पाहायला १७ सप्टेंबर २०२५ ची वाट पाहावी लागली. तीस वर्षे वाट पाहिलेल्या बीडकरांना, आता थोडे थांबा, आधी जुने रूळ बदलू, असे सांगण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही. पण बीडचा मार्ग आज नवा आहे, तो नवाच राहणार नाही. पंधरा-वीस वर्षांनी त्याचे रूळ आणि खडी बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्यासाठी पैसे कोणत्या खात्यात असतील, हा प्रश्न प्रत्येक नव्या मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशीच विचारला गेला पाहिजे. नवा मार्ग बांधणे म्हणजे पुढच्या पिढ्यांना दरवर्षीचा एक खर्च लावून देणे होय.

दुरुस्ती ही केवळ पैशाची आणि वेळेचीही बाब नाही. ती शिस्तीची बाब आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळूनही बाजूच्या मार्गावर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. जवळजवळ तीनशे माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते सिग्नलच्या तारांच्या चुकीच्या जोडणीचे. पूर्वी कधीतरी केलेला बदल नीट नोंदला गेला नव्हता आणि त्यावर त्या दिवशीचे नवे काम झाले. त्याच खरगपूर विभागात बांकरानयाबाज स्थानकावर १६ मे २०२२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, अशाच चुकीच्या जोडणीचा प्रकार उघडकीस आला होता. त्यापासून बोध घेऊन सर्वत्र तपासणी झाली असती तर बहानगाचा अपघात टळला असता, असे आयुक्तांनीच म्हटले आहे. अपघातानंतर 'कवच' या स्वदेशी यंत्रणेची चर्चा देशभर झाली. ती यंत्रणा हवीच. परंतु जेथे सिग्नलच खोटे बोलतो तेथे त्याच्यावर विसंबणारी यंत्रणा काय करणार? जोडणी तपासून, आराखडा अद्ययावत करून, त्यावर जबाबदारीने सही करणारा माणूस हवा. २०२४ च्या मार्चमध्ये रेल्वेच्या संरक्षाविषयक सुमारे दहा लाख मंजूर पदांपैकी दीड लाखाहून अधिक रिकामी होती, हे माहितीच्या अधिकारात रेल्वेनेच सांगितलेले आहे.

ही शिस्त आपल्याला साधत नाही असे मुळीच नाही. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्णपणे सुरू झाली. त्या डोंगराळ आणि पावसाळी मुलखात मार्ग नेण्याचे श्रेय मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांना आपण देतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५१ जण मृत्युमुखी पडले. पाठोपाठ १६ जून २००४ रोजी महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांवर आदळली. तेव्हा ही रेल्वे डोंगरांत नेणे हीच चूक होती, असे म्हणणारेही निघाले. पण त्यानंतर महामंडळाने निमूटपणे दरडी छाटल्या, उतार कमी केले, पोलादी जाळ्या ठोकल्या, कटिंगांच्या माथ्यावरून पाण्याला वाट काढून दिली. पावसाळ्यापुरते गाड्यांचे वेगळे, संथ वेळापत्रक आले. रात्रीच्या मुसळधार पावसात कंदील आणि वॉकीटॉकी घेऊन शेकडो माणसे रुळांवरून गस्त घालू लागली. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी गाडी उशिरा पोचल्याबद्दल कुरकुर करतो, पण पोचतो. या कामाची कोनशिला कुठेही नाही.

आता करायचे काय? पहिली गोष्ट अशी की, घसाऱ्याची रक्कम किती असावी हे रेल्वे मंडळाच्या मर्जीवर सोडता कामा नये. रूळ, पूल, सिग्नल यांच्या झिजेचा हिशेब रेल्वेच्या अभियंत्यांजवळ तपशीलवार असतो. त्यावरून निघणारी रक्कम मिळकतीतून सर्वांत आधी वजा होईल, असे कायद्याचे बंधन हवे. मग गुणोत्तर शंभराच्या वर गेले तरी बेहत्तर. निदान ते खरे असेल. रेल्वे तोट्यात दिसली तर तो तोटा भाड्यातून भरायचा की करातून, यावर संसदेत उघड वाद होऊ शकेल.

येथे भाड्याचा विषय टाळता येत नाही आणि तो आपल्यापैकी बहुतेकांना रुचणारा नाही. प्रवासाचा खर्च शंभर रुपये असेल तर प्रवाशाकडून सरासरी चोपन्न-पंचावन्न रुपयेच मिळतात, असे रेल्वे सांगते. उरलेली तूट मालवाहतुकीवर पडते. ती महाग झाल्यामुळे माल ट्रकांकडे वळतो आणि रेल्वेची मिळकत आणखी आक्रसते. २०२५ च्या जुलैत पाच वर्षांनी भाडे वाढले, तेही किलोमीटरमागे अर्ध्या पैशापासून दोन पैशांपर्यंत. उपनगरी पासाला त्या वेळी हात लावला गेला नाही. पासधारकांच्या संघटनांना हे वाक्य आवडणार नाही, परंतु २००१ प्रमाणे फक्त रूळ, पूल आणि सिग्नल यांच्या बदलीसाठी राखून ठेवलेला एक लहानसा अधिभार लावला आणि त्या पैशातून आपल्या मार्गावर काय बदलले हे स्थानकावरच्या फलकावर लावले, तर प्रवासी तो देतील. त्या वेळी त्यांनी तो खळखळ न करता दिलेला आहे. ज्यांना ही झळ सोसवणार नाही अशांच्या पासांना सूट देता येईल. त्यासाठी सगळ्यांचेच भाडे अर्ध्यावर ठेवण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मालवाहतुकीचे स्वतंत्र मार्ग सुरू झाल्याने जुन्या मार्गांवर जी जागा मोकळी होते तिच्यावर पहिला हक्क दुरुस्तीचा असावा. ती जागा नव्या गाड्यांनी भरून टाकण्याचा मोह प्रत्येक मंत्र्याला होईल. आपल्या गावाला नवी एक्सप्रेस हवी, ती आपल्या स्थानकावर थांबायला हवी, यासाठी शिष्टमंडळे नेणारे आपणच असतो. खडीसाठी शिष्टमंडळ नेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. प्रत्येक विभागाने महिन्याकाठी किती तासांचा ब्लॉक मागितला आणि किती तासांचा मिळाला, हे दोन आकडे जरी नियमितपणे प्रसिद्ध केले तरी खासदारांना आणि वृत्तपत्रांना विचारण्यासारखा प्रश्न मिळेल.

तिसरी गोष्ट काकोडकर समितीने सांगून ठेवली आहे. गाड्या चालवणारा, त्यांचे नियम ठरवणारा आणि ते पाळले की नाही हे पाहणारा, असे तिन्ही अधिकार आज मुख्यतः रेल्वे मंडळाच्याच हाती एकवटले आहेत. सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात खरे. पण अपघातानंतर चौकशी करणे आणि नवे मार्ग तपासणे यापलीकडे त्यांचा वचक फारसा पोचत नाही. त्यांच्या शिफारशी मान्य करायच्या की नाहीत हे मंडळच ठरवते. रेल्वे मंडळाच्या कक्षेबाहेरचे, कायद्याने अधिकार मिळालेले स्वतंत्र संरक्षा प्राधिकरण नेमावे, अशी शिफारस समितीने केली होती. तपासणीची गाडी वर्षभर न फिरलेल्या मार्गावरचा वेग कमी करण्याचा हुकूम असे प्राधिकरण मंडळाला न विचारता देऊ शकले असते. फेब्रुवारी २०१२ नंतर अनेक रेल्वेमंत्री होऊन गेले. समितीच्या बऱ्याच शिफारशी थोड्याफार प्रमाणात अमलात आल्या. ही एक मात्र अजून आलेली नाही.